न विखुरणाऱ्या काचेचा चित्रकार

रसायनीत राहून कला शाखेला प्रवेश घेणे हे आमच्याकडे अजूनही थोडे अवलक्षणच समजले जाते. गावाचे नावच मुळी रसायनी. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली, तिचा कारखाना पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला आणि मोहोपाड्याच्या परिसराला हे नवे नाव चिकटले. नायट्रोबेंझिन, ॲनिलिन, फॉर्माल्डिहाइड हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीलाही ठाऊक होते. 2017 साली केंद्र सरकारने येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला, पण गावात मान आहे तो रसायनशास्त्रालाच. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. मी कला शाखा घेतली तेव्हा वडिलांना वाटेत अडवून चार जणांनी विचारले, की पोराला सायन्सला का नाही घातले? वडील टेम्पो चालवतात. त्यांनी काय उत्तर दिले ते मला माहीत नाही.

मित्रहो, ज्या गृहस्थाचे चरित्र मी येथे सांगणार आहे त्याला हा प्रश्न विचारला असता तर त्याची मोठी पंचाईत झाली असती. एदुआर बेनेदिक्तुस हा पॅरिसचा नामांकित नक्षीकार. कापड, गालिचे आणि भिंतीवरचे कागद यांच्यासाठी तो नक्षी काढी. तो रसायनतज्ज्ञही होता. मोटारीच्या समोरच्या काचेवर खडा आपटला असता ती काच आज नुसती टवका उडून थांबते, चालकाच्या डोळ्यांत जात नाही, याचे श्रेय प्रामुख्याने त्याच्याकडे जाते. काचेच्या धंद्यात आणि चित्रकलेच्या इतिहासात त्याचे नाव प्रसिद्ध आहे, परंतु दोन्ही ठिकाणी अर्धेच. एकीकडचे लोक त्याची चित्रे पाहत नाहीत, दुसरीकडचे त्याची काच.

त्याचा जन्म 1878 सालचा. तो अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या गावात आयफेल मनोरा उभा राहिला, आणि बावीस वर्षांचा झाला तेव्हा पॅरिसला 1900 चे जागतिक प्रदर्शन भरले. लोखंड, वीज, मोटार या गोष्टींची तेव्हा लोकांना भूल पडली होती. अशा शहरात वाढलेल्या मुलाला रंग आणि रसायन ही दोन वेगळी दालने वाटली नसावीत. रंग तरी काय, रसायनच आहे! ॲनिलिनपासून कापडाचे रंग होतात हे आमच्या गावातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता 1903 सालाकडे येऊ. बेनेदिक्तुस तेव्हा पंचविशीत होता. प्रयोगशाळेत काम करताना उंच फळीवरचा एक काचेचा चंबू खाली पडला. चंबू फुटला, पण त्याचे तुकडे फरशीवर पसरले नाहीत. सगळ्या अंगाला तडे गेलेले, आणि तरी चंबूचा आकार चंबूचाच! या प्रसंगाला सांगणाऱ्यांनी पुढे बरेच रंग चढवले आहेत. कोणी त्याला शिडीवर चढवतात, तर कोणी चंबू न धुता ठेवणाऱ्या मदतनिसाला मधे आणतात. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की त्याने ते तुकडे झाडून टाकले नाहीत. चंबूत पूर्वी काय होते याचा त्याने शोध घेतला. त्यात कोलोडियन होते. ते केव्हाच सुकून गेले होते आणि चंबूच्या आतल्या अंगाला त्याचा पातळ, पारदर्शक पापुद्रा धरला होता. काच त्या पापुद्र्याला चिकटून राहिली होती.

कोलोडियन म्हणजे काय, हे सांगताना मला पुन्हा माझ्या गावात यावे लागते. कापसावर नायट्रिक आणि गंधक या दोन आम्लांची क्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट तयार होते. क्रिया पुरती केली तर तोच बंदुकीचा कापूस. तो स्फोटक असतो. थोडी कमी केली तर तो ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळतो. ते द्रव म्हणजे कोलोडियन. जुने छायाचित्रकार ते काचेवर पसरून तिच्यावर छायाचित्रे घेत, आणि डॉक्टर लहान जखमेवर लावत, कारण वाळल्यावर त्याची कातडीसारखी साय धरते. बेंझिनला नायट्रो जोडण्याचे काम आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षे चालले होते, आणि इस्रोच्या अग्निबाणांना लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइडही येथेच तयार होई. आम्लाची गाडी गावातून गेली की आई खिडक्या लावून घेई. त्याच आम्लातून जखमेवरची साय निघते आणि काचेचे अस्तरही निघते, हे वाचले तेव्हा मला त्या आम्लाविषयी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

चंबूची नोंद करून बेनेदिक्तुसने तो बाजूला ठेवला आणि तो आपल्या चित्रांकडे वळला. काही काळ या शोधाचे काहीच झाले नाही. दरम्यान पॅरिसच्या रस्त्यांवर मोटारी वाढल्या. सुरुवातीच्या मोटारींना समोर काच नसे. चालक डोळ्यांवर चष्मा चढवून वारा आणि धूळ खात बसे. पुढे काच आली ती साधी, खिडकीला लावतात तशी. वारा अडला, पण टक्कर झाली की हीच काच सुरीसारखी तोंडात आणि गळ्यात घुसू लागली. अशा अपघातांच्या बातम्या बेनेदिक्तुसने वर्तमानपत्रात वाचल्या आणि त्याला तो न विखुरलेला चंबू आठवला. मग त्याने पत्रांच्या प्रती काढायचा हातदाबाचा छापा घेतला, दोन काचांमध्ये सेल्युलोजचा पापुद्रा ठेवला आणि त्या एकमेकींवर दाबून बसवल्या. काच, अस्तर, काच असे तीन पदर, म्हणून नाव ट्रिप्लेक्स. 1909 साली त्याने त्याचे पेटंट घेतले.

न्यायाने सांगायचे तर ही कल्पना त्याच्या एकट्याच्याच डोक्यात आली होती असे नाही. इंग्लंडात जॉन वुड नावाच्या गृहस्थाने 1905 मध्येच दोन काचा मध्ये चिकट पदार्थ घालून जोडण्याचे पेटंट घेतले होते, पण त्याचा धंदा उभा राहिला नाही. बेनेदिक्तुसचा राहिला. त्याने 1911 साली फ्रान्समध्ये कंपनी काढली, आणि 1912 मध्ये इंग्लंडात ट्रिप्लेक्स सेफ्टी ग्लास कंपनी निघाली.

येथे थोडे विषयांतर करतो. त्याच सुमारास आपल्या घाटावर काय चालले होते? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला होता, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले होते, आणि 1908 साली त्या पैशातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला होता. म्हणजे पॅरिसमध्ये काचेला अस्तर लावले जात होते तेव्हा बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या एका गावात आपली माणसे काच ओतायला शिकत होती. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. आमच्या गावाहून तळेगाव काही फार दूर नाही, पण ही हकीकत मला या लेखाच्या निमित्तानेच कळली. असो.

पेटंट झाले, कंपनी झाली, आता मोटारवाले धावत येतील असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. दोन काचा आणि मध्ये अस्तर म्हणजे खर्च दुपटीहून अधिक. मोटार विकणाऱ्यांना तो नको होता. अपघात ही चालकाची चूक मानली जाई. काचेचा त्यात काय दोष, असा हिशेब होता. मला या भागाचा फार राग येतो. गळा कापला जाऊ नये अशी वस्तू तयार आहे, आणि ती महाग म्हणून दुकानात पडून आहे! तिला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते महायुद्ध. 1914 नंतर विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे आले. त्यांच्या डोळ्यांच्या जागी ही काच बसली, कारण तिथे काच फुटली तर डोळा जाणार आणि वायूही आत शिरणार. सैनिकांच्या डोळ्यांसाठी सरकारांना खर्च परवडला. साध्या प्रवाशांसाठी तो परवडायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. 1927 च्या अखेरीस फोर्डने आपली नवी मॉडेल ए मोटार आणली, तिला समोर अशी तीनपदरी काच होती, आणि मग इतरांनाही मागे राहता येईना.

अस्तराने नेमके काय होते हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरच्या टेम्पोवर पाहिले. गेल्या वर्षी दांड फाट्याजवळ पुढे चाललेल्या एका डंपरमधून खडी सांडत होती. त्यातला एक खडा उडून वडिलांच्या समोरच्या काचेवर आपटला. आवाज बंदुकीसारखा झाला असे ते म्हणाले. पाहिले तर काच जागेवर, फक्त उजवीकडे वरच्या बाजूला आठ आण्याएवढा पांढरा तारा. वडिलांनी आपल्या तरुणपणी साध्या कडक केलेल्या काचेचे ट्रक चालवले आहेत. त्या काचेवर खडा बसला की सगळी काच क्षणात जाळीदार पांढरी होई, समोरचे काही दिसत नसे, आणि चालत्या गाडीत मूठ मारून भोक पाडावे लागे. खोपोलीच्या उतारावर त्यांच्या एका सोबत्यावर ती पाळी आली होती. त्यामुळे टवक्यावर निभावले याचाच त्यांना आनंद. परंतु पुढच्या महिन्यात गाडीचे पासिंग होते, आणि काच बदलायची तर आठवडाभराच्या फेऱ्यांची कमाई जाणार होती. शिवाय ते रात्रीच्या फेऱ्या करतात. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या ताऱ्यावर पडला की तो फुलबाजीसारखा पेटून उठे.

हमरस्त्यावरच्या काचवाल्याकडे मी त्यांच्यासोबत गेलो. त्याने आधी नखाने टवका चाचपला, मग आत बसून आतल्या बाजूने बोट फिरवले. आतली बाजू गुळगुळीत होती. बाहेरची काच दुखावली आहे, मधले अस्तर आणि आतली काच शाबूत आहे, तेव्हा भरता येईल, असा त्याने निर्वाळा दिला. टवका आतपर्यंत पोहोचला असता, काचेच्या कडेला असता, त्यातून लांब चीर निघाली असती किंवा तो चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर असता, तर मात्र काच बदलण्यावाचून इलाज नव्हता. दारांच्या काचा एकपदरी असतात. त्या भरताच येत नाहीत, फुटल्या की त्यांची साबुदाण्यासारखी रास होते.

काम पाहण्यासारखे होते. बारीक सुईने त्याने टवक्यातला चुरा काढला. वडिलांनी खडा बसल्याच्या दिवशीच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, म्हणून आत धूळ आणि पाणी शिरले नव्हते; त्याबद्दल त्याने वडिलांना शाबासकी दिली. मग टवक्यावर एक छोटे यंत्र बसवून आतली हवा ओढून घेतली आणि राळेसारख्या द्रवाचे दोन थेंब दाबाने आत सोडले. पांढरा तारा एकेक पाकळी मिटत नाहीसा होऊ लागला. याचे कारण मी नंतर वाचले. आपल्याला जे पांढरे दिसते तो काचेचा रंग नव्हेच, ती तड्यात शिरलेली हवा असते. प्रकाश काचेतून हवेत जाताना वळतो आणि परततो, म्हणून तडा चमकतो. भरलेला द्रव प्रकाशाला जवळजवळ काचेसारखीच वाट देतो, म्हणून तडा दिसेनासा होतो. शेवटी जांभळ्या दिव्याखाली तो द्रव कडक केला, पात्याने वरचा थर खरवडला आणि चकाकी दिली. राहिला एक अंधुक ठिपका, माहीत असलेल्यालाच दिसेल असा.

काचवाल्याने निघताना एक तंबीही दिली. दुपारभर उन्हात तापलेल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतायचे नाही. आमच्याकडे सगळेच टेम्पोवाले तसे धुतात. काचेचा एक भाग आकसतो, दुसरा तापलेलाच असतो, आणि जिथे आधीच दुखावले आहे तिथून चीर पळत सुटते. तड्याचे टोक जितके बारीक तितका ताण त्या टोकावर एकवटतो. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज संशोधकाने काचेवर प्रयोग करून तडे का वाढतात याचे गणित 1921 साली प्रसिद्ध केले. टवका लवकर भरावा तो याचसाठी. खड्ड्यांचा रस्ता आणि कर्जत-खालापूरचा पाऊस त्याला फार दिवस तसा राहू देत नाहीत.

काचवाल्याला मी विचारले होते, की हे अस्तर कोणी शोधले? तो म्हणाला, कंपनीने. मग आमच्या ग्रंथपाल बाईंनी काचेवरचे एक इंग्रजी पुस्तक काढून दिले. त्यात बेनेदिक्तुसच्या नावामागे चित्रकार असे लिहिले होते. मला आधी ती छपाईची चूक वाटली.

ती चूक नव्हती. कंपनी निघाली, युद्ध संपले, तरी हा गृहस्थ कारखानदार होऊन बसला नाही. 1920 नंतरची त्याची वर्षे मुख्यतः नक्षीत गेली. पॅरिसमध्ये 1925 साली सजावटीच्या कलांचे मोठे प्रदर्शन भरले. आज ज्या शैलीला आर्ट डेको म्हणतात तिला त्या प्रदर्शनाच्या नावावरूनच ते नाव मिळाले. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती त्याच शैलीच्या आहेत, हे आपल्यापैकी अनेकांनी नकळत पाहिलेले आहे. बेनेदिक्तुस त्या शैलीच्या नक्षीकारांपैकी अग्रगण्य. त्याने आपल्या नक्षींचे संग्रह काढले. त्यांतला पहिला 1924 सालचा, व्हारियासियों नावाचा: वीस पाने आणि त्यांवर शहाऐंशी नक्षी.

ही पाने कशी छापली हे कळल्यावर मला हसू आले. पत्र्याच्या किंवा जाड कागदाच्या तुकड्यात आकार कापायचा, तो कागदावर ठेवायचा आणि हाताने रंग भरायचा. प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा. म्हणजे आमच्या नाक्यावरचा पेंटर ट्रकच्या मागे अक्षरे आणि कमळे काढतो तीच युक्ती! अर्थात फरक आहे, आणि तो मोठा आहे. बेनेदिक्तुसच्या पानावर फूल हे फूल राहत नाही. त्याच्या पाकळ्या चकत्या होतात, पाने पाण्याच्या लाटांसारखी एकमेकींवर चढतात, केशरीशेजारी निळा आणि निळ्याशेजारी काळा येतो, आणि तरी डोळ्यांना खुपत नाही. मी ती पाने मोबाइलच्या छोट्या पडद्यावरच पाहिली आहेत, तेव्हा याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. पण एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. या माणसाचा हात आयुष्यभर पातळ थर एकावर एक बसवण्यातच गुंतला होता. कागदावर रंगाचा थर, काचेवर सेल्युलोजचा थर. आमच्या वर्गात कोणी यावर हसेल, पण फुटलेल्या चंबूत काय पाहायचे हे त्याला त्याच्या चित्रकलेनेच शिकवले असे मला वाटते. निव्वळ रसायनतज्ज्ञाने चंबू फुटला म्हणून दुसरा घेतला असता.

त्याच्या काचेत एक दोष होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सेल्युलोज नायट्रेट उन्हात पिवळे पडते. काही वर्षांनी काचेतून पाहिले की जग कावीळ झाल्यासारखे दिसे. कडेने दमट हवा शिरली की अस्तर सुटू लागे, म्हणून कडा बंद कराव्या लागत. पुढे 1933 च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेट आले आणि त्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हे ताणले जाणारे, न पिवळणारे प्लास्टिक आले. आज गाडीच्या समोरच्या काचेत तेच असते, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. आपल्या देशात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीला सुरक्षा काच सक्तीची केली, आणि समोरच्या काचेतून निदान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे असेही ठरवून दिले.

यातले बरेचसे पाहायला बेनेदिक्तुस उरला नव्हता. जानेवारी 1930 मध्ये पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. पन्नाशी उलटून एकच वर्ष झाले होते. त्याच वर्षी त्याचा शेवटचा नक्षीसंग्रह प्रसिद्ध झाला, रले नावाचा. त्यात काचेचा कोठेही उल्लेख नाही. पंधरा पाने आहेत, आणि सगळी रंगांनी भरलेली आहेत.